शिंदे : एक आडनांव, अनेक घराणीं

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींमध्यें एक संवय सर्वत्र आढळते. रुमाल सोडला, कागद उलगडला, त्यांत 'शिंदे' हीं दोन अक्षरें लागलीं, कीं तो कागद ग्वाल्हेरकरांच्या पुडक्यांत जाऊन पडतो. पुडक्यावर चिठी चिकटते, चिठीवरून यादी होते, यादीवरून वंशावळ जुळते, आणि दोन पिढ्यांनंतर ती वंशावळच पुरावा म्हणून पुढें येते. मूळ कागदांत मात्र ग्वाल्हेरचें नांवहि नसतें.

प्रस्तुत लेखांत या एका आडनांवाचीं कांहीं प्रसिद्ध माणसें घेऊन ही संवय तपासून पाहण्याचा विचार आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आडनांव ही कागद शोधण्याची खूण आहे; नात्याचा पुरावा नव्हे. खुणेलाच पुरावा मानलें म्हणजे मोठें घराणें लहान घराण्यांना गिळून टाकतें. ज्यांच्या घरीं दप्तर नाहीं त्यांचा पराक्रम ज्यांच्या घरीं दप्तर आहे त्यांच्या खात्यावर चढतो. हा प्रश्न केवळ यादीचा नाहीं, न्यायाचाहि आहे.

या विचारासाठीं आम्हीं सोलापूर व त्याच्या आसपासचा मुलूख घेतला आहे. हा जिल्हा मराठी आणि कानडी यांच्या शिवेवर आहे. हत्तरसंग कुडल येथील शके ९४० चा मराठी लेख याच जिल्ह्यांतला, आणि कानडी शिलालेखहि येथें ठिकठिकाणीं आहेत. पंढरपुरास मराठेशाहींतील मोठमोठ्या सरदारांचे वाडे आहेत. इ. स. १८७७ त सोलापुरास कापडाची पहिली गिरणी निघाली व पुढें गांवोगांवचीं कुळें शहरांत येऊन राहिलीं. त्यामुळें शिलालेखांतले, दप्तरांतले आणि गिरणगांवांतले असे सर्व तऱ्हेचे शिंदे येथें एका दृष्टिक्षेपांत येतात.

प्रथम शिलालेखांतले घेऊं. कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून 'सिंद' नांवाचीं राजकुळें अकराव्या-बाराव्या शतकांतील कानडी लेखांत येतात. त्यांपैकीं येलबुर्गा येथील शाखा विशेष प्रसिद्ध आहे. किसुकाडु, बागडगे म्हणजे आजचें बागलकोट, व केलवाडी हा त्यांच्या अंमलांतील मुलूख होता. हे सिंद आपल्याला नागवंशी म्हणवीत आणि 'भोगावतीपुरवराधीश्वर' हें बिरुद लावीत. इकडे ग्वाल्हेरच्या राजचिन्हांत नाग आहे. सिंद आणि शिंदे हे शब्द कानाला जवळचे लागतात, दोहोंकडे नाग आहे, आणि मुलूखहि शेजारचा आहे. तेव्हां शिंदे हे सिंदांचेच वंशज होत, असें अनुमान अनेकांनीं मांडलें आहे.

अनुमान म्हणून तें त्याज्य नाहीं. परंतु बाराव्या शतकांतले सिंद आणि सतराव्या शतकाच्या अखेरचे कण्हेरखेडचे शिंदे यांच्यामध्यें सुमारें पांचशें वर्षांचें अंतर पडतें. तें अंतर जोडणारी पिढ्यांची सांखळी पुढें ठेवल्यावांचून हें अनुमान अनुमानच राहील. शिवाय नाग हें चिन्ह दक्षिणेंतील अनेक कुळांनीं घेतलेलें आहे. उच्चाराचें साम्य आणि चिन्हाचें साम्य अशीं दोन साम्यें एकत्र ठेवल्यानें एक पुरावा होत नाहीं. याच तर्काचा दुसरा टोकाचा उपयोग कसा होऊं शकतो तें पाहा. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म इ. स. १८७३ त जमखंडीस झाला. जमखंडी आज बागलकोट जिल्ह्यांत मोडते. एवढ्यावरून त्यांना बागडग्याच्या सिंदांचे वंशज ठरवावयाचें म्हटलें तर आडनांव आहे, मुलूख आहे, आणि पुरावा मात्र नाहीं.

आतां दप्तरांकडे वळूं. जुन्या मोडी कागदांत हें आडनांव पुष्कळदां 'सिंदे' असें लिहिलेलें असतें. उत्तरेंत त्याचें 'सिंधिया' झालें, आणि इंग्रजांनीं तेंच आपल्या लिपींत अनेक प्रकारें लिहिलें. परिणाम असा झाला कीं, एकाच घराण्याचे कागद तीन वर्णानुक्रमांत विभागले गेले, आणि भिन्न घराण्यांचे कागद एका अक्षराखालीं एकत्र आले. म्हणजे आडनांवावर विसंबणारा शोधक दोन्हीं बाजूंनीं फसतो.

याहून मोठी अडचण अशी कीं, अत्यंत प्रसिद्ध पुरुषाचा उल्लेख समकालीन पत्रांत आडनांवानें होतच नाहीं असें अनेकदां घडतें. महादजी शिंदे हे पत्रापत्रांतून 'पाटीलबावा' म्हणून येतात. बादशाही वकील-इ-मुतलकीच्या कारभारापर्यंत पोंचलेला हा पुरुष आपलें गांवचें पाटीलपण अभिमानानें मिरवीत असे, हें प्रसिद्धच आहे. ज्यानें केवळ 'शिंदे' हा शब्द शोधला त्याच्या हातून महादजींचीं कितीतरी पत्रें निसटतील; आणि ज्यानें पाटील हा शब्द शोधला त्याच्या हातीं महाराष्ट्रांतील सारीं गांवें येतील.

कागद कोणाच्या घरीं सांपडतो याचीहि गोष्ट अशीच आहे. शिंदेशाहीच्या इतिहासास अत्यंत उपयुक्त ठरलेलें एक दप्तर कोट्याच्या गुळगुळे घराण्याकडे होतें. गुळगुळे हे शिंद्यांचे त्या बाजूचे कारभारी. आनंदराव भाऊ फाळके यांनीं 'शिंदेशाही इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेंत त्यांतले कागद प्रसिद्ध केले. शिंद्यांचा इतिहास शिंदे नसलेल्यांच्या घरीं सांपडला, ही गोष्ट संग्राहकांनीं नेहमीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ग्वाल्हेरच्या घराण्याचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कण्हेरखेड. ग्रँट डफनें नमूद केलें आहे कीं, औरंगझेबाच्या छावणींत असतांना शाहू महाराजांचें जें लग्न झालें त्यांतील एक मुलगी कण्हेरखेडकर शिंद्यांची होती. त्याच कण्हेरखेडचे राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळीत असत, ही कथाहि इंग्रज लेखकांनींच छापून सर्वतोमुखीं केली. छत्रपतींची सोयरीक आणि पागेंतली चाकरी या दोन्हीं गोष्टी एकाच गांवच्या एकाच आडनांवाविषयीं सांगितल्या जातात. तेव्हां एका गांवांतहि एका आडनांवाचीं घरें एकाच दर्जाचीं असत असें मानून चालत नाहीं.

राणोजींचा मृत्यु इ. स. १७४५ त झाला. त्यांचे पुत्र जयाप्पा इ. स. १७५५ त नागोरास मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजीं बुराडी घाटावर पडले. जयाप्पांचा पुत्र जनकोजी पानिपतांत गेला. उरलेल्या महादजींनीं घराण्याचा उत्कर्ष केला आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस देह ठेवला. यापुढील परंपरा पाहण्यासारखी आहे. महादजींच्या मागें त्यांचे बंधु तुकोजी यांचा नातू दौलतराव गादीवर आला. दौलतराव इ. स. १८२७ त निपुत्रिक वारले. बायजाबाईंनीं भाऊबंदांतला मुलगा दत्तक घेऊन त्याचें नांव जनकोजी ठेविलें. जनकोजीहि इ. स. १८४३ त निपुत्रिक वारले, आणि ताराबाईंनीं दत्तक घेतलेले जयाजीराव गादीवर बसले. अशा रीतीनें पन्नास वर्षांत तीन वेळां गादी पित्याकडून औरस पुत्राकडे न जातां बाजूच्या शाखेकडे गेली. आडनांव मात्र अखंड राहिलें. एका घराण्याच्या आंतसुद्धां आडनांवाची रेघ आणि रक्ताची रेघ वेगळी काढावी लागते, मग दोन घराण्यांमध्यें ती एकच कशी धरावी ?

आतां जे शिंदे या घराण्यांत ओढले जातात त्यांच्याकडे पाहूं. नेमाजी शिंदे हे राजाराम-ताराबाईंच्या काळांतील नामांकित सरदार. इ. स. १७०३-०४ च्या सुमारास त्यांनीं वऱ्हाडांत धामधूम करून नर्मदा ओलांडली आणि माळव्यांत सिरोंजपर्यंत धडक मारली. राणोजींचें नांव माळव्यांत गाजण्याच्या पूर्वीं सुमारें पंचवीस वर्षें ही गोष्ट घडली. माळवा आणि शिंदे हे शब्द एकत्र आले म्हणजे वाचकाच्या मनांत उज्जैन व ग्वाल्हेर उभें राहतें, आणि नेमाजींना नकळत राणोजींचे पूर्वज बनविलें जातें. वास्तविक नेमाजी हे कण्हेरखेडच्या शाखेचे नव्हत, आणि त्यांचा माळव्यांतील प्रवेश हें त्यांचें स्वतःचें कर्तृत्व आहे. तें दुसऱ्या घराण्याची प्रस्तावना म्हणून लिहिणें योग्य नाहीं.

तीच गोष्ट तोरगलकरांची. सेनाखासखेल हा किताब धारण करणारे तोरगलचे शिंदे हे करवीर राज्याचे जहागीरदार. त्यांच्या सनदा, त्यांची चाकरी, त्यांचे तंटे हें सर्व करवीरच्या दप्तरांत पाहावयाचें. 'शिंदे' या शब्दावरून त्यांचे कागद उत्तरेकडील पुडक्यांत टाकल्यास करवीरच्या इतिहासाचें एक पान नाहींसें होतें, आणि ग्वाल्हेरच्या इतिहासांत एक पान खोटें शिरतें.

कोणी म्हणेल कीं कुलदैवतावरून तरी निर्णय होईल. राणोजी शिंद्यांनीं इ. स. १७३० त वाडी रत्नागिरीस जोतिबाचें मंदिर नव्यानें बांधलें, आणि जोतिबा हें त्यांचें कुलदैवत होय. परंतु जोतिबास कुलदैवत मानणारीं कुळें शेंकड्यांनीं आहेत व तीं नाना आडनांवांचीं आहेत. कुलदैवतानें शंकेला जागा मिळते, खात्री होत नाहीं. देवकाचेंहि तसेंच. या खुणा नकार देण्यास उपयोगी पडतात, होकार देण्यास अपुऱ्या ठरतात.

यानंतर आम्ही वाचकांस पंढरपुरास, चंद्रभागेच्या कांठीं, नेऊं इच्छितों. महाद्वार घाटाजवळ शिंदे सरकारचा द्वारकाधीशाचा वाडा आहे आणि तेथून जवळच होळकरांचा, राममंदिराचा वाडा आहे. घाटावरून पाहणारास हीं दोन घराण्यांचीं दोन निशाणें वाटतात. परंतु तीं उभारणाऱ्या बायकांचीं माहेरें पाहिलीं म्हणजे चित्र उलटें होतें. द्वारकाधीशाचें मंदिर इ. स. १८४९ त बायजाबाई शिंदे यांनीं बांधलें. त्या जन्मानें कागलकर घाटगे, सर्जेराव घाटग्यांची कन्या. होळकरांचा वाडा अहिल्याबाईंचा. आणि अहिल्याबाई या चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांची कन्या. म्हणजे शिंद्यांचा वाडा घाटग्यांच्या लेकीचा, आणि होळकरांचा वाडा शिंद्यांच्या लेकीचा !

चौंडी हें गांव जामखेड तालुक्यांत, सोलापूर जिल्ह्याच्या शेजारींच आहे. माणकोजी शिंदे हे धनगर समाजांतले. कण्हेरखेडच्या मराठा शिंद्यांशीं त्यांचें आडनांव तेवढें समान. अहिल्याबाईंचा जन्म इ. स. १७२५ चा, आणि इ. स. १७६७ पासून १७९५ पर्यंत इंदूरच्या राज्याचा भार त्यांच्यावर होता. इ. स. १७९३ त लाखेरीस शिंदे-होळकरांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, तेव्हां होळकरांच्या दौलतीची धनीण जन्मानें शिंदे होती. हें सांगण्यांत आमचा हेतु चमत्कृतीचा नाहीं. वंशावळींत स्त्रियांचीं नांवें गाळण्याची जी रूढि आहे तिच्यामुळें आडनांवाचा अर्धा इतिहास पुसला जातो, हें दाखविण्याचा आहे. इ. स. २००४ त सोलापुरास विद्यापीठ स्थापन झालें व २०१९ त त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचें नांव दिलें गेलें. या शहरांतील शिंदे आडनांवाच्या प्रसिद्ध व्यक्तींची यादी करणारा कोणीहि त्या नांवाकडे वळणार नाहीं. आणि तरी चौंडीच्या शिंद्यांची ती लेक आहे.

याच्या उलट उदाहरण ताराबाई शिंदे यांचें. त्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे, म्हणजे ताराबाईंचें लेखणीचें आडनांव माहेरचें. इ. स. १८८२ त त्यांचें 'स्त्री-पुरुषतुलना' हें पुस्तक पुण्यास छापलें गेलें. जोतीराव फुल्यांनीं तिची बाजू घेतली. पण पुढें तें पुस्तक विस्मरणांत गेलें, तें इ. स. १९७५ त स. गं. मालशे यांनीं पुन्हां छापीपर्यंत. या मधल्या नव्वद वर्षांत शिंद्यांचे कागद गोळा करणाऱ्या विद्वानांनीं लढाया, सनदा व तहनामे यांचे खंड काढले. हें लहानसें पुस्तक त्यांच्या संग्रहाच्या कक्षेंत आलें नाहीं. कारण शिंदे म्हणजे सरदार ही कल्पना आधींच ठरून गेली होती.

अर्वाचीन काळांत शाळा, कचेरी व गिरणीचा हजेरीपट यांनीं आडनांव प्रत्येकाच्या नांवास कायमचें जोडलें. त्यामुळें ज्यांच्या पूर्वजांचा उल्लेख कागदांत केवळ गांवाच्या किंवा धंद्याच्या नांवानें होत असे तेहि आडनांवानें ओळखले जाऊं लागले. इ. स. १९३० च्या मे महिन्यांत सोलापुरांत गोळीबार झाला, पोलिसठाणें जळलें, दोन पोलीस मारले गेले, आणि १२ मेपासून लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ भगवान शिंदे या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं दिलें गेलें. सोलापुरांतील हुतात्मा चौक हा या चौघांचा. चार नांवांत लिंगायत, मुसलमान, मारवाडी व मराठा असे चार समाज आले आहेत. जगन्नाथ शिंद्यांचा इतिहास पाहावयाचा तर त्यांना धनशेट्टी, हुसेन आणि सारडा यांच्या शेजारीं ठेविलें पाहिजे; महादजींच्या शेजारीं नव्हे. त्यांचे कागद शिंद्यांच्या दप्तरांत मिळणार नाहींत. ते फौजदारी खटल्याच्या कागदांत, त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आणि सोलापूरकरांच्या स्मरणांत शोधावे लागतील.

सुशीलकुमार शिंदे यांचा जन्मही सोलापूरचाच, इ. स. १९४१ चा. दलित समाजांत जन्मलेले, सोलापूरच्या न्यायालयांत साधी नोकरी केलेले हे गृहस्थ इ. स. २००३ त महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि इ. स. २०१२ ते २०१४ या काळांत केंद्रांत गृहमंत्री होते. इ. स. २०२२ ते २०२४ या काळांत याच आडनांवाचे दुसरे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे. ते मूळचे सातारा जिल्ह्यांतील दरे गांवचे. आज यांतील भेद सर्वांस ठाऊक असल्यामुळें कोणी गोंधळ करीत नाहीं. पण दोनशें वर्षांनीं एखादा संग्राहक 'मुख्यमंत्री शिंदे' एवढ्याच सहीचा कागद हातीं घेईल, त्यावरील तारीख फाटलेली असेल, तर तो तो कोणत्या पुडक्यांत घालील ? आज आपण नेमाजींच्या बाबतींत जें करतों तेंच तो त्यांच्या बाबतींत करील.

या सर्वांतून संग्राहकांनीं उचलण्यासारखे कांहीं नियम निघतात. कागदाच्या नोंदींत पहिल्यानें तो कोणत्या गांवीं आणि कोणाच्या घरीं मिळाला हें लिहावें. दुसरें, कागदांत ज्या शब्दांनीं माणसाचा निर्देश असेल तेच शब्द, पाटीलबावा असो वा सिंदे असो, जसेच्या तसे उतरून घ्यावे. त्यांच्या जागीं आपण ओळखलेलें आडनांव घालूं नये. तिसरें, शिक्का, वतन व चाकरी कोणाची हें पाहावें. कारण जहागीरदार ज्याची सनद बाळगतो त्याच्या दप्तरांत त्याची जोडपत्रें मिळतात. चौथें, स्त्रियांचीं माहेर आणि सासर अशीं दोन्हीं आडनांवें नोंदवावीं. आणि पांचवें, जेथें नातें सिद्ध नाहीं तेथें वंशावळींत रेघ ओढूं नये. कोरी जागा पुढच्या शोधकास उपयोगी पडते, खोटी रेघ त्याची वाट बंद करते.

आडनांवाचा अभिमान वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. सोलापूरच्या एखाद्या शिंद्यास दत्ताजींचें बुराडीचें मरण ऐकून छाती भरून आली तर त्यांत कांहीं वावगें नाहीं. पण त्याच घरीं आज्याच्या हातचा एखादा जीर्ण करारनामा, गिरणीचा एखादा पास, किंवा एखादी कैदेंतून आलेली चिठी असेल तर ती तो फेंकून देऊं नये. दत्ताजींचे कागद राखणारे पुष्कळ झाले आहेत. त्या चिठीला राखणारा तो एकटाच आहे.